डीलर आत, दुकान सील, हत्यारं जमा... सरकार भरपाई देतं का? ठाणे-नवी मुंबईवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आधी थोडं माझ्याबद्दल. मी वकील नाही, पण ठाण्याला कोर्ट नाक्यावर एका वकीलसाहेबांकडे ११ वर्षं कारकुनी केलीय, त्यामुळे शस्त्र परवान्याचे कागद रोजचेच. पण हा विषय डोक्यात खरा बसला तो मामामुळे. मामा मुरबाडकडचा, रानडुकरं भातात घुसतात म्हणून शेती संरक्षणाचं लायसन, १२ बोअरची डबल बार. गावाला घर बंद असायचं म्हणून त्याने ती शहरातल्या एका डीलरकडे (हत्यारं विकणारा आणि जमा ठेवणारा परवानाधारक दुकानदार) जमा ठेवली, आणि एक दिवस त्या डीलरलाच उचललं, दुकानाला सील, मामाची बंदूक आत. डीलरचं काय चुकलं ते कोर्ट बघेल. पण त्यानंतर डीलरच्या घरचे, मामासारखे गिऱ्हाईक, ऍडव्हान्स देऊन बसलेले, सगळे मलाच विचारायला लागले, आणि फिरून फिरून तेच प्रश्न. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सरळ सांगा, सरकारकडे जमा केलेल्या हत्यारांचे पैसे मिळतात का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "हत्यार जमा केलं, आता त्याची किंमत द्या" असं म्हणायला एकही कलम नाही. डीलर असो, शेतकरी असो, रिटायर्ड फौजी असो, सगळ्यांना सारखंच. सरकार तुमचं हत्यार विकत घेत नाही, ते फक्त ठेवून घेतं.

पण म्हणून काहीच हातात नाही असंही नाही. कायद्याने जे दिलंय ते भरपाई नाही, विकायचा हक्क आहे. कलम २१ म्हणतं की जमा केलेली वस्तू ठरलेल्या मुदतीत तुम्ही एकतर परत घेऊ शकता (लायसन पुन्हा वैध झालं तर), नाहीतर लायसन असलेल्या दुसऱ्या माणसाला किंवा दुसऱ्या डीलरला विकू शकता आणि ते पैसे तुमचे. लोक भरपाईचा अर्ज टाइप करण्यात महिने घालवतात, आणि तिकडे विकायची मुदत चाललेली असते, हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून इतकं ठासून सांगतोय.

पण आम्ही तर ऐकलंय की सरेंडर केलं की सरकार पैसे देतं?

बरोबर ऐकलंय, पण ते आपलं नाही. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, त्यानंतर सरकारने काही प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, डीलरांच्या स्टॉकचेही पैसे दिले. त्यासाठी इन्कमवर ०.२ टक्क्यांची एकदाच लेव्ही (जादा कर) लावली होती. का दिले? कारण त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय की केंद्र सरकारने मालमत्ता घेतली तर ती रास्त अटींवरच घ्यायची. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७ ला हँडगनवर बंदी आली तेव्हा तसंच झालं, न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चच्या गोळीबारानंतर २०१९ ला तसंच. या सगळ्यात एक गोष्ट कॉमन बघा, माणसाची काही चूक नव्हती, कायदा बदलला म्हणून कायदेशीर वस्तू बेकायदा झाली. आपल्याकडचा डीलर आत जातो तो स्वतःवरच्या आरोपामुळे, त्यामुळे ती तुलनाच लागू पडत नाही.

दुसरा गोंधळ गडचिरोलीच्या बातम्यांमुळे. नक्षलवाद्यांसाठी राज्यात २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे, त्यात आणलेल्या हत्याराचेही वेगळे पैसे मिळतात. ती पुनर्वसनाची योजना आहे. दुकान चालवणाऱ्या परवानाधारकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. एका गृहस्थांनी तर त्या योजनेचा कागद जोडून अर्ज केला होता, टेबलावरच्या माणसाने हसू दाबत इनवर्डचा शिक्का मारला.

जप्त, जमा, सरकारजमा हे सगळं एकच ना?

अजिबात नाही, आणि निम्म्या लोकांचा अर्ज चुकीच्या टेबलावर जातो तो यामुळेच. शांतपणे वाचा.

जमा म्हणजे लायसन संपलं, सस्पेंड झालं, रद्द झालं म्हणून तुम्ही स्वतः किंवा तुमच्यातर्फे हत्यार पोलीस स्टेशनला नाहीतर दुसऱ्या डीलरकडे ठेवलं. मालकी तुमचीच. कलम २१.

जप्त म्हणजे गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी पंचनामा करून उचललं, ते मुद्देमाल झालं. मालकी अजूनही तुमचीच, पण सोडायचं की नाही ते आता कोर्ट ठरवणार, पोलीस आयुक्तालय नाही. याच्याच शेजारी कलम २२ आहे, तिथे गुन्हा नसतानाही जिल्हादंडाधिकारी कारणं लिहून घराची, दुकानाची झडती घेऊन हत्यारं ताब्यात ठेवू शकतात, अगदी तुमचं लायसन चालू असलं तरी.

सरकारजमा म्हणजे गेलं. ते दोन रस्त्यांनी होतं. कोर्टाने शिक्षा सुनावताना कलम ३२ खाली, किंवा जमा केलेलं मुदतीत सोडवलंच नाही म्हणून कलम २१(३) खाली.

डीलरच्या बाबतीत बहुतेक वेळा हे सगळं एकाच दुकानात एकाच दिवशी झालेलं असतं, म्हणजे ज्या ४-५ नगांवर संशय ते जप्त, उरलेला स्टॉक जमा, आणि गिऱ्हाइकांची हत्यारं कुठल्या खात्यात टाकली ते पंचनामा वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिलं काम पंचनाम्याची नक्कल. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) लागू आहे, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, त्याबद्दलही वकिलाला सांगून ठेवा, नगांची संख्या जुळली नाही तर तेच कामाला येतं.

डीलरला अटक झाली की स्थानबद्ध केलंय, याने फरक पडतो का?

पडतो. अटक म्हणजे गुन्हा दाखल, पुढे रिमांड, जामीन, चार्जशीट. स्थानबद्धता म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच आत ठेवणं, ती एनएसए (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) खाली होते नाहीतर आपल्या राज्याच्या एमपीडीए कायद्याखाली (१९८१ चा, झोपडपट्टीदादा, धोकादायक व्यक्ती वगैरेंसाठीचा). एमपीडीएत "धोकादायक व्यक्ती"च्या व्याख्येत शस्त्र कायद्याचे गुन्हे वारंवार करणाराही येतो. आदेशाला राज्य सरकारची मंजुरी १२ दिवसांत लागते, ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे (स्थानबद्धता योग्य आहे का ते बघणारं) जातं, मंडळाने स्थानबद्ध केल्यापासून ७ आठवड्यांत मत द्यायचं, आणि जास्तीत जास्त १२ महिने ठेवता येतं.

हत्यारांच्या दृष्टीने फरक असा की अटकेत स्टॉक शक्यतो मुद्देमाल होतो आणि कोर्टाच्या ताब्यात जातो, स्थानबद्धतेत कोर्ट केस असेलच असं नाही, तिथे लायसन सस्पेंड करून स्टॉक जमा करायला लावतात. म्हणजे दार वेगळं. आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लागला असेल तर हे पान बंद करून थेट चांगला वकील गाठा, त्याच्या कलम २० मध्ये मालमत्ता सरकारजमा करायची आणि त्याआधी गोठवायची वेगळीच तरतूद आहे.

लायसन सस्पेंड झालं की रद्द झालं, कसं कळणार?

आदेश वाचा, दुसरा मार्ग नाही. "परवाना स्थगित/निलंबित" आणि "परवाना रद्द" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण कलम २१(३) मध्येच लिहिलंय की निलंबनाच्या काळात हत्यारं सरकारजमा करता येत नाहीत. रद्द झालं तर मात्र घड्याळ सुरू. आदेशात कारणं लिहिलेली असावी लागतात, आणि मागितली तर त्यांचं थोडक्यात म्हणणं तुम्हाला द्यावं लागतं, सार्वजनिक हिताचं कारण सांगून नाकारलं तर गोष्ट वेगळी. अपील कलम १८ खाली, मुदत ३० दिवस, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर ते राज्याच्या गृह विभागाकडे जातं. अपील टाकलं म्हणजे आदेश आपोआप थांबला असं नसतं, स्थगिती वेगळी मागावी लागते, हे शंभरातले नव्वद विसरतात.

डीलर जेलमध्ये आहे, मग स्टॉक विकायचा कोणी?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

कलम २१(२) म्हणतं की जमा करणारा स्वतः विकू शकतो किंवा विकायला दुसऱ्याला अधिकार देऊ शकतो. म्हणजे आत बसलेला माणूसही हे करू शकतो. त्यासाठी मुखत्यारपत्र लागतं, त्याच्यावर सही जेलमध्ये, तुरुंग अधिकाऱ्यांसमोर, त्यांच्या साक्षांकनाने. ठाणे सेंट्रल असो की तळोजा, वकीलपत्रावर सही आणायची पद्धत वकिलांच्या रोजची आहे, मुखत्यारपत्राला जास्त विचारतात, कोर्टाची परवानगी आणा म्हणू शकतात, त्यामुळे केस चालू असेल तर रिमांडच्या तारखेलाच तसा अर्ज देऊन ठेवा, हेलपाटा वाचतो.

मुखत्यार कोण? घरातलं कोणीही चालेल, पण तो फक्त कागदावर सह्या करणार, हत्याराला हात लावणार नाही. हत्यार हलवायचं ते पोलिसांच्या ताब्यातून थेट घेणाऱ्या डीलरच्या ताब्यात, आणि त्याआधी परवाना शाखेची लेखी परवानगी.

मग घेणारा डीलर शोधायचा. इथे खरी ओढाताण. त्याला माहीत असतं की तुम्ही अडलेले आहात, तो भाव पाडूनच मागणार. तरीपण दोन-तीन ठिकाणचे कोटेशन लेखी घ्या आणि अर्जाला जोडा, पुढे कधी कोर्टात नुकसान सिद्ध करायची वेळ आली तर "त्या तारखेला बाजारात एवढे मिळत होते" हे दाखवायला तेवढाच कागद असतो. जे नग मुद्देमाल आहेत ते या यादीत घुसवू नका, नाहीतर अख्खा अर्ज अडकतो.

डीलरची बायको किंवा मुलगा दुकान चालू ठेवू शकतात का?

लायसनवर नाव नसेल तर नाही. शटर उघडून साफसफाई करणंसुद्धा टाळा. सील तोडणं हा वेगळा गुन्हा, आणि बिनपरवाना हत्यार ताब्यात ठेवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आहेत. बिनपरवाना विक्री तर त्याहून भारी, किमान ७ वर्षं ते जन्मठेप. घरच्यांनी चांगुलपणाने गिऱ्हाइकाची बंदूक "जाऊ दे, घेऊन जा" म्हणून दिली की घरातला दुसरा माणूसही आत. भागीदारी फर्म असेल आणि दुसऱ्या भागीदाराचं नाव लायसनवर असेल तर त्याने स्वतंत्र अर्ज करावा.

हत्यारांची किंमत कोण ठरवतं?

सरकारी रेट कार्ड असं काही नाही. देशी माल असेल, म्हणजे इशापूरची .३१५ रायफल किंवा कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, तर कारखान्याची चालू किंमत हा आधार धरून वापरलेल्याचा भाव खाली येतो. विदेशी माल असेल तर खेळ उलटा. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून जुनी वेब्ली स्कॉटसारखी हत्यारं देशात जेवढी आहेत तेवढीच फिरतायत, त्यामुळे आजोबांच्या काळातली वस्तू नव्या देशीपेक्षा महाग जाते. आणि ज्याला आपण जुनं लोखंड म्हणून यादीत शेवटी टाकतो तेच कधीकधी सगळ्यात किमती निघतं. म्हणून यादीत नुसतं "रिव्हॉल्व्हर १ नग" लिहू नका, कंपनी, बोअर, नंबर, नळीची अवस्था, फोटो, सगळं घाला. काडतुसांना वेळ गेला की किंमत राहत नाही, त्यांचं आधी बघा.

माझी बंदूक त्या डीलरकडे फक्त ठेवायला दिली होती. आता?

मामाचीच केस. तुमचं लायसन वैध आहे, हत्यार तुमच्या नावावर आहे, मग तो डीलरचा स्टॉक नाहीच. लागतात ते कागद असे: लायसनची प्रत यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) नंबरसकट, डीलरने दिलेली जमा पावती, आणि जमा केल्याची नोंद. पावती नसेल तर डीलरच्या रजिस्टरमधली नोंद दाखवायची विनंती करा, ते रजिस्टर पोलिसांनी दुकानाबरोबर नेलेलंच असतं.

हत्यार मुद्देमालात गेलं असेल तर कोर्टात सुपूर्दनाम्याचा अर्ज, म्हणजे केस चालू असताना वस्तू ताब्यात द्या म्हणून. नव्या संहितेत ती कलमं ४९७ आणि ५०३, जुनी ४५१ आणि ४५७, अजूनही सगळे जुन्याच आकड्यांनी बोलतात. नव्यात एक चांगली गोष्ट झालीय, वस्तू कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि नंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा असं लिहिलंय. सुप्रीम कोर्टाचा सुंदरभाई अंबालाल देसाईचा २००२ चा निकाल जोडा, मुद्देमाल पोलीस स्टेशनात वर्षानुवर्षं सडवू नका हेच त्यात सांगितलंय. बंधपत्र लिहून द्यावं लागतं, मागू तेव्हा हजर करीन आणि विकणार नाही म्हणून.

आता ठाणे जिल्ह्याची खास गंमत. मामाचं लायसन जिल्हाधिकाऱ्यांचं, कारण मुरबाड-शहापूर आयुक्तालयाच्या हद्दीत नाही. दुकान मात्र शहरात, म्हणजे पोलीस आयुक्तांच्या हद्दीत. कायद्यात आयुक्तालय असलेल्या भागात "जिल्हादंडाधिकारी" म्हणजे पोलीस आयुक्त. मग मामा एका ऑफिसला गेला की ते म्हणणार दुकान आमच्याकडे नाही, दुसऱ्या ऑफिसला गेला की लायसन आमचं नाही. चार महिने हेच चाललं. उपाय साधा निघाला, एकच अर्ज दोघांना, दोन्हीवर "प्रत माहितीसाठी" म्हणून एकमेकांचं नाव, आणि दोन्हीकडची पोच एकत्र स्टेपल करून तिसरी प्रत पोलीस स्टेशनला. त्यानंतर निदान कोणी "आमच्याकडे नाही" म्हटलं नाही.

नवी मुंबईत किंवा मिरा रोडला राहतो, मग कुठे जायचं?

नवी मुंबईचं आयुक्तालय वेगळं, सीबीडी बेलापूरला. मिरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२० पासून स्वतंत्र. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर हे ठाणे आयुक्तालय, खारकर आळी. तुमच्या आधारवरचा पत्ता नाही, लायसन देणारा कोण आणि हत्यार आत्ता कोणाच्या हद्दीत पडलंय ते बघा. बाईकवरून जाणार असाल तर कळवा पुलाच्या बाजूने पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो, स्टेशनवरून रिक्षा करा.

नवीन रिव्हॉल्व्हरसाठी ऍडव्हान्स दिला होता, तो बुडाला का?

तो सरकारचा प्रश्नच नाही, तुमचा आणि दुकानाचा व्यवहार आहे. लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथे चालतात, मुदत २ वर्षं. डीलर आत असला तरी दावा करता येतो. कॅशमध्ये आणि चिठ्ठीवर दिले असतील तर मात्र देव बरं करो.

पोलिसांच्या ताब्यात हत्यार गंजलं, तुटलं किंवा गहाळच झालं तर?

इथे मात्र भरपाईचा खरा हक्क आहे, आणि नेमकं इथेच कोणी मागत नाही.

इतिहास भारी आहे. सप्टेंबर १९४७ ला मेरठला एका सराफाला पोलिसांनी पकडलं, त्याचं सोनं मालखान्यात (पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत) ठेवलं, तो सुटला, आणि सोनं घेऊन हेडकॉन्स्टेबल पाकिस्तानात पसार. सराफ सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६४ ला हरला, कोर्ट म्हणालं की हे सरकारचं सार्वभौम काम, सरकार जबाबदार नाही. कस्तुरीलाल केस. पण त्यानंतर वारं फिरलं. १९६७ ला गुजरातच्या मेमन महमद केसमध्ये कोर्टाने सांगितलं की जप्त वस्तू सरकारकडे विश्वासाने ठेवलेली असते, नीट सांभाळून परत करायची जबाबदारी येते. १९७७ ला बसव्वा पाटील केसमध्ये पोलीस स्टेशनातून दागिने गेले तर त्यांची किंमत द्यायला लावली. १९९४ ला नागेंद्र राव केसमध्ये जप्त खत आणि धान्य सडलं म्हणून आंध्र सरकारवर जबाबदारी टाकली. म्हणजे जप्ती कायदेशीर असली तरी हयगय झाली तर पैसे द्यावे लागतात.

पण सिद्ध तुम्हाला करायचंय की ताब्यात देताना वस्तू चांगली होती. म्हणून जमा करतानाच फोटो काढा, नळीत आतून टॉर्च मारून सुद्धा, पावतीवर "चालू स्थितीत, गंज नाही" एवढे शब्द लिहून घ्या. तेलाचा हात मारूनच द्या आणि चामड्याच्या कव्हरात घालून तर अजिबात देऊ नका, ते ओल धरतं, आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत नळीचं वाटोळं होतं. ताबा लांबला तर अधूनमधून अर्ज टाका की पाहणी करून तेल लावायची परवानगी द्या. मिळो न मिळो, अर्जाची पोच तुमच्या फाईलला राहते आणि हयगयीचा पुरावा तीच.

दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस. आणि जप्तीच मुळात बेकायदा होती असं म्हणायचं असेल तर मुदत कायद्यात जप्तीपासून फक्त १ वर्ष आहे, केस संपायची वाट बघत बसलात तर हातातून गेलं.

डीलर निर्दोष सुटला तर आत काढलेल्या काळाची, बंद दुकानाची भरपाई?

हत्यारं परत मिळतात, शिक्षेबरोबर झालेला सरकारजमाचा आदेशही अपिलात शिक्षा रद्द झाली की आपोआप रद्द होतो. लायसन मात्र आपोआप चालू होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. बुडालेल्या धंद्याचे पैसे? नुसतं निर्दोष सुटण्याने मिळत नाहीत, कारण शस्त्र कायद्याच्या कलम ४० खाली सद्भावनेने केलेल्या कारवाईला संरक्षण आहे. बिनबुडाच्या अटकेबद्दल संहितेत एक तरतूद आहे, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याने भरपाई द्यायची, कमाल रक्कम वाचून चहा नाकातून येईल, १००० रुपये. उघड बेकायदा डांबून ठेवलं असेल तर हायकोर्टात रिट हा वेगळा मार्ग, १९८३ च्या रुदल शाह केसपासून कोर्टं तशी भरपाई देत आलीत, पण तो माणूस निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं आत होता. सल्लागार मंडळाने चार-सहा आठवड्यांत सोडलं एवढ्यावर तशी अपेक्षा ठेवू नका.

राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क आहे ना? मग भरपाई का नाही?

आहे, पण मूलभूत नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने तो काढून कलम ३००अ मध्ये टाकला, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही एवढाच. सुप्रीम कोर्टाने २०२४ ला कोलकाता महापालिकेच्या केसमध्ये नोटीस, सुनावणी, कारणासह निर्णय, रास्त मोबदला असे सात पदर उलगडून सांगितले, पण ती जमिनीच्या संपादनाची केस होती. माझ्या मते हत्यारांच्या बाबतीत त्यातला मोबदला ओढून आणण्यापेक्षा नोटीस आणि सुनावणीचा मुद्दा जास्त कामाचा आहे, कारण अधिकारी चुकतात ते तिथेच.

सरकारजमाची नोटीस आलीय, आता संपलं का?

नाही, उलट आत्ताच धावायची वेळ आहे. नोटिशीनंतर कारण दाखवायला ३० दिवस मिळतात. डीलर आत असेल तर नोटीस त्याला जेलमध्ये पोचली का, की सील ठोकलेल्या दुकानाच्या दारावर चिकटवली, हे बघा. दारावरची असेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. उत्तरात विकायची परवानगी मागितल्याचे जुने अर्ज जोडा.

आणि आदेश झाला तरी एक खिडकी उघडी राहते, कलम २१ चं पोटकलम ६. सरकार कधीही, सरकारजमा झालेली वस्तू किंवा तिच्या विक्रीचे पैसे, पूर्ण किंवा काही भाग, परत देऊ शकतं. "देऊ शकतं" आहे, "दिलंच पाहिजे" नाही. पण अख्ख्या कायद्यात भरपाईच्या जवळ जाणारं जर काही असेल तर ते हेच, आणि दहातल्या नऊ अर्जांत त्याचा उल्लेखसुद्धा नसतो. अर्ज करताना विषयातच हे पोटकलम लिहा.

इन्शुरन्स मिळेल का?

दुकानाच्या आग-चोरीच्या पॉलिसीत सरकारी आदेशाने झालेली जप्ती वगळलेली असते. पॉलिसीचं अपवादांचं पान वाचा.

२०२० ला तिसरं हत्यार जमा करायला लावलं तेव्हा पैसे दिले होते का?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची मर्यादा दोनवर आणली (विधेयकात तर आधी एकच होतं), जास्तीचं १ वर्षात म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत पोलिसांकडे किंवा डीलरकडे जमा करा असं सांगितलं. तिथे लोकांची काही चूक नव्हती, कायदाच बदलला, तरी भरपाई नाही. ऑस्ट्रेलियाची तुलना करायचीच असेल तर खरी इथे करायला हवी होती. डीलर आणि रायफल क्लबचे नेमबाज त्या मर्यादेतून बाहेर आहेत. त्यावेळी डीलरांकडे ठेवलेल्यांपैकी ज्यांनी विकायचं राहू देत म्हटलं, त्यातले काही आता या सील प्रकरणात सापडलेत.

मामाच्या बंदुकीचं काय झालं?

१४ महिन्यांनी मिळाली. मुद्देमाल कारकुनाने शोधून काढली तेव्हा लेबल दुसऱ्याच्या नावाचं होतं, नंबरावरून जुळवली. डाव्या नळीला गंज, दस्त्याला बुरशी. जमा केली तेव्हाचा फोटो मामाकडे नव्हता, म्हणून नुकसानीचा अर्ज केलाच नाही. दुरुस्तीला कल्याणच्या एका कारागिराकडे दिलीय, तोवर शेतात पत्र्याचे डबे वाजवणं चालू आहे.